पैठणचा रांजण

वारकऱ्याला त्याचे गाव विचारा, तो आधी पंढरी सांगेल. मग आळंदी, मग देहू, आणि लागलीच पैठण. आपल्या जन्मगावाचे नाव त्याला त्यानंतर आठवते. यात हसण्यासारखे काही नाही. ही गावे त्याची आहेत म्हणूनच तो वारकरी. पण गाव आपले म्हटले की त्या गावातले सगळेच आपले होते, बरे आणि वाईटही. पैठणविषयी बोलताना हे विसरून चालत नाही.

पैठण गाव फार जुने. सातवाहनांची ही राजधानी, तेव्हाचे नाव प्रतिष्ठान. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक दर्याव्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की हे शहर भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि इथला अकीक गाड्यांत भरून बंदरावर येतो. पुढे राजे गेले, गाड्या गेल्या. विद्या मात्र राहिली. दक्षिणेत धर्मनिर्णय घ्यायचा तर पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे जावे, असा गावाचा लौकिक झाला.

तो लौकिक काय कामाला आला, ते आपल्याला ठाऊक आहे. आळंदीची चार लेकरे, आईबाप गेलेले, पायी चालत या गावात आली. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली. त्यांना शुद्धिपत्र पाहिजे होते. परंपरा शके १२०९ सांगते. सभा बसली, पोथ्या सोडल्या गेल्या, आणि पोथ्यांत त्या लेकरांसाठी काही सापडेना. मग नागघाटावर रेड्याच्या मुखातून वेद बोलला गेला, ही कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. ऐकताना रेड्याकडे पाहतो, माउलींकडे पाहतो. सभेत बसलेल्यांकडे मात्र आपण पाहत नाही. ते काही दुष्ट नव्हते हो. विद्वान होते, नेमधर्माचे होते, आपापल्या घरी पोराबाळांवर माया करणारे असतील. पण दारात उभ्या असलेल्या भुकेल्या लेकराला त्यांनी आधी कागद विचारला.

त्याच गावात, त्याच गल्ल्यांत, सुमारे तीनशे वर्षांनी नाथमहाराजांचा वाडा गजबजला. भानुदास महाराजांचे हे पणतू. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पायाशी शिकले आणि गुरूच्या आज्ञेने गावात येऊन प्रपंच मांडला. रानात गेले नाहीत की गुहेत बसले नाहीत. बाजाराचा गलबला ऐकू येईल अशा ठिकाणी राहिले. आज ज्याला आपण आतले मंदिर किंवा गावातले नाथमंदिर म्हणतो तोच हा वाडा. देव्हाऱ्यात विजयी पांडुरंग, आणि वाड्यातच तो रांजण.

रांजणाची कथा लहान पोरालाही येते. श्रीखंड्या नावाचा एक पोरगा नाथांच्या घरी चाकरीला राहिला. गंगेवरून कावडीने पाणी आणायचा, रांजण भरायचा, देवपूजेला गंध उगाळून द्यायचा. अशी बारा वर्षे गेली. मग द्वारकेहून देवाला शोधत एक ब्राह्मण पैठणात आला आणि म्हणाला, तुमच्या घरी पाणी भरतो तो कुठे आहे? तोवर श्रीखंड्या निघून गेलेला. बारा वर्षे देव घरात वावरला. घरच्यांनी त्याला काय म्हणून ओळखले? पाणक्या म्हणून. पण पाणक्या समजूनही त्याला कोणी तुच्छ लेखले नाही, जेवल्याशिवाय ठेवले नाही. देव टिकला तो यामुळे, असे मला वाटते.

त्या आठवणीचा उत्सव आजही होतो. फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकोबारायांच्या बीजेला, रांजणाची पूजा होते आणि पाणी ओतायला सुरुवात होते. गावातल्या बाया येतात, परगावचे वारकरी येतात, पोरेसोरे तांब्या घेऊन येतात. एकेक घागर पडत जाते. रांजण भरला की भगवंत आला असे मानतात आणि षष्ठीचा उत्सव उभा राहतो. श्रद्धा अशी की या सगळ्या घागरींत एक घागर देवाची असते. कोणती, ते कोणालाच सांगता येत नाही.

इथे थोडे थांबू या. ती घागर ओळखता आली असती तर काय झाले असते? आपण माणसांचा स्वभाव जाणतो. तेवढ्याच घागरीला वाट करून दिली असती, तिच्यापुढे वाजंत्री लावली असती आणि बाकीच्यांना, अहो बाजूला व्हा, म्हटले असते. ओळखता येत नाही म्हणून एकीलाही अडवता येत नाही. फाटक्या लुगड्यातल्या म्हातारीची घागर असेल, वीटभट्टीवरच्या मजुराची असेल, ज्याची सावली एके काळी या गावाने चुकवली त्याच्या नातवाची असेल. नाव विचारून, जात विचारून पाणी घेतो म्हणाल तर रांजण कोरडा राहील. शुद्धिपत्र मागणारे पैठण आणि घागर घेणारे पैठण ही दोन गावे नव्हेत. एकाच वेशीच्या आत दोन्ही नांदली आहेत, आणि दोन्ही आपल्याला वारशाने मिळाली आहेत.

नाथांना हे पक्के ठाऊक होते. गोदेच्या तापल्या वाळवंटात चुकलेले अंत्यजाचे पोर त्यांनी कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोचवले. श्राद्धाचा स्वयंपाक झालेला, वासाने भुकेली माणसे दारात थबकली. पितरांच्या आधी त्यांची पाने वाढली गेली. ब्राह्मण उठून गेले, तेव्हा पितरच पंगतीला येऊन बसले म्हणतात. काशीची कावड रामेश्वरी न्यायची, तर वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली. या सगळ्या कथांत पाणी आणि अन्नच आहे, पाहिलेत का? वाद घालून नाथांनी पैठणच्या सभेला जिंकले नाही. वाढत गेले, ओतत गेले.

आणि गाव तरी त्यांनी कसे पाहिले! चौकात उभा असलेला जोशी, पहाटे फिरणारा वासुदेव, जोगवा मागणारी, गोंधळी, जोहार घालणारा महार, या सगळ्यांना त्यांनी भारुडांत आणून बसवले आणि त्यांच्या तोंडून परमार्थ बोलवला. हिंदू आणि तुर्क यांचा संवादही लिहिला. ज्याने एकनाथी भागवतासारखा ग्रंथ शके १४९५ मध्ये काशीस पुरा केला, त्याला पेठेतल्या बोलीची लाज वाटली नाही. पैठणची पेठ म्हणजेच त्यांची दुसरी पोथी होती म्हणाना.

आता वारसा सांभाळणे याविषयी दोन शब्द. हल्ली हा शब्द फार ऐकू येतो, सभांत येतो, फलकांवर येतो. आपल्या संप्रदायात तो सांभाळायचा कसा, याचा धडा नाथांनीच घालून दिला आहे. माउलींच्या समाधीला अजानवृक्षाची मुळी लागली होती, ती नाथांनी आळंदीस जाऊन दूर केली, अशी कथा आहे. पुढे ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते, म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, त्यांनी जुन्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि बजावून ठेवले की यात कोणी आपली ओवी घालू नये. स्वतः हजारो ओव्या रचणारा कवी, पण माउलींच्या ग्रंथात आपला शब्द घुसवला नाही. वाढलेली मुळी काढायची, पण आपले काही चिकटवायचे नाही. आपण नेमके उलटे करतो! जुन्या लाकडी खांबाला तैलरंग फासतो, दगडी जोत्यावर चकचकीत फरशी बसवतो, भिंतीवर देणगीदारांची नावे देवाच्या नावाहून मोठी कोरतो. भाव चांगला असतो, मी नाही म्हणत नाही. पण माउलींच्या ग्रंथात आपली ओवी घालणाऱ्याचा भावही चांगलाच असेल. पैठणात कोणी केले असे मी म्हणत नाही, आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावचे देऊळ डोळ्यांपुढे आणावे.

आणि मुळीचे काय? ती आज गंगेला लागली आहे. पैठणच्या वरच्या अंगाला धरण झाले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. जलाशयाला नाथसागर हे नाव दिले, ते योग्यच झाले. मराठवाड्याची कितीतरी शेते त्यावर भिजली, गावांची तहान भागली. त्यासाठी कितीएक गावांनी आपली घरे आणि देवळे पाण्याखाली दिली, त्यांचे ऋण विसरू नये. पण धरणाखालच्या पात्राला आता फाल्गुनात स्वतःचे असे पाणी फारसे नसते. यात्रेकरूंच्या स्नानासाठी धरणातून सोडावे लागते. उलट ऑगस्ट २००६ मध्ये एवढे पाणी सोडावे लागले की ते गावात शिरले. म्हणजे श्रीखंड्याने ज्या गंगेतून कावडी भरल्या ती गंगा आता माणसाच्या हातात आहे. आणि तिच्यात आपण काय टाकून येतो? पत्रावळी, जुने कपडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्य. लाखांनी माणसे येतात. प्रत्येकाने एकेक वस्तू टाकली तरी पात्राचे काय होईल? ज्या हाताने रांजणात घागर ओतली, त्याच हाताने घाटावर उष्टे फेकायचे, हे वारकऱ्याला शोभते का, तुम्हीच सांगा.

षष्ठी ही पंचपर्वाची मानतात. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेले दत्तदर्शन, नाथांवरचा अनुग्रह, स्वामींची समाधी आणि शेवटी शके १५२१ मध्ये नाथांनी गोदेत घेतलेली जलसमाधी, हे सारे याच तिथीचे. त्या दिवशी निर्याण दिंडी गावातल्या वाड्यातून निघते आणि गंगेकाठच्या समाधिमंदिराकडे जाते. आतल्या देवळापासून बाहेरच्या देवळापर्यंतची ही वाट लांब नाही. पण तिच्यावर सारे पैठण येऊन उभे राहते. ओट्यांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर, माड्यांच्या खिडक्यांत माणसे दाटतात. कोणी दिंडीवर फुले टाकतो, कोणी वारकऱ्यांना पाणी पाजतो. मान कोणाचा, विणा कोणाकडे, पुढे कोण आणि मागे कोण, यावरून गावोगावच्या उत्सवांत कुरबुरी होतात. त्या होऊ नयेत असे म्हणणे सोपे आहे. मी एवढेच म्हणेन की पाणी पाजणाऱ्याच्या रांगेत कधी भांडण झालेले ऐकले नाही.

तेव्हा येत्या षष्ठीला जे जाणार असतील त्यांनी एक दिवस आधी निघता आले तर पाहावे. बीजेपासून जाता आले तर उत्तमच. वाड्यात आधी रांजणाचे दर्शन घ्यावे. आपल्या पुढे म्हातारी बाई तांब्या घेऊन उभी असेल तर तिला ढकलू नये. तिचा तांब्या पडेपर्यंत थांबावे, मग आपली घागर ओतावी. मग गंगेवर जावे, स्नान करावे, आणि जे बरोबर नेले ते पिशवीसकट परत आणावे. अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटली की परतीला लागावे.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल. भानुदास एकनाथ महाराज की जय.