पगार घेऊन केलेली सेवा

पुंडलिकाची कथा आपण कीर्तनात इतक्या वेळा ऐकली आहे, की तिच्यातली एक गोष्ट कानावरून नुसतीच निघून जाते. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. हातातले काम त्याने सोडले नाही. वीट सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. देव थांबला, काम थांबले नाही. म्हणजे आपल्या पंढरीची सुरुवातच मुळी शुश्रूषेपासून झाली. आता प्रश्न असा, की पुंडलिकाला या कामाचा महिन्याच्या महिन्याला पगार मिळत असता, तर देव विटेवर उभा राहिला असता का?

प्रश्न विचित्र वाटेल. पण तो माझा नाही. गुलमंडीवर, सुपारी हनुमानापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या एका आजींचा आहे. नाव छापायचे नाही असे त्यांनी बजावले आहे, म्हणून आजीच म्हणतो. यांची उभी हयात घाटीत सिस्टर म्हणून गेली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचे. पण मराठवाड्यातल्या माणसाला ‘घाटी’ एवढेच सांगितले की पुरते. यजमान फौजेत. पत्राच्या पाकिटावर ‘द्वारा ५६ एपीओ’ एवढाच पत्ता; माणूस वाळवंटात आहे की बर्फात, हे पाकिटावरून कळायचे नाही. १९७१ च्या डिसेंबरात ते पश्चिम सीमेवर होते आणि आजी रात्रपाळीला. रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या, रेडिओ बंद करायचा आणि वॉर्डात शिरायचे.

वारी एकदाही झाली नाही. पैठणहून नाथांची पालखी निघते ज्येष्ठ वद्यात. पहिल्या पावसाचे दिवस, म्हणजे हगवण, कावीळ, तापाचे दिवस. वॉर्ड भरलेले, खाली सतरंज्यांवर माणसे. रजा कोण देणार? हे सांगताना आजींच्या बोलण्यात तक्रार नसते. त्या एवढेच म्हणतात, “वारी नाही झाली, आणि केलं ते पगारासाठी केलं. त्याचं पुण्य काय मागायचं?”

निष्काम सेवेचे निरूपण करणारे अनेक जण या बोलण्याला मान डोलावतील. दाम घेतला, हिशेब मिटला. भक्ती ती, जिच्यात देणेघेणे नाही. मला हे पटत नाही. आपल्या संतांकडे पाहा. गोरोबा मडकी घडवून विकत होते. सावतोबांचा मळा पोटासाठीच होता. नरहरी सोनारांनी दागिने फुकट घडवले असे कोणी सांगत नाही. आणि सेना महाराजांची कथा तर थेट या प्रश्नावरच येते. ते भजनात रमले, राजाकडे जायची वेळ टळली, तेव्हा देव त्यांचे रूप घेऊन धोकटी काखेला मारून राजाची हजामत करायला गेला, अशी ती कथा. सिस्टर लोकांच्या भाषेत सांगायचे तर देवाने ड्युटी बदलून घेतली! पगारी कामाचा देवाला विटाळ असता, तर तो त्या कामाला स्वतः गेला असता का?

पगार तास विकत घेतो. त्या तासांत हात कसा लागतो, ते कोणत्याही पगारपत्रकावर येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहाटे तीन वाजता ही पाळी चुकवली तर विचारणारे कोणी नसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी देह ठेवेपर्यंत त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. जवळपास बेचाळीस वर्षे. त्यांच्याबरोबर काम केलेल्या सिस्टर निवृत्त झाल्या, ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिले नव्हते अशा मुली नोकरीला लागल्या, आणि त्यांनीही ते अंग पुसले, तो घास भरवला. २०११ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजत होते, तोवर सदतीस वर्षे उलटली होती. अंगावर एक बेडसोर नव्हता. या सगळ्या जणी पगारदारच होत्या.

इथवर वाट सोपी आहे. पण आजींच्या आयुष्यात याहून अवघड गाठ आहे, आणि ती पगाराची नाही.

पुंडलिक सेवा करत होता ती स्वतःच्या आईबापाची. आजी परक्यांची करत होत्या, आणि त्या वेळी त्यांची स्वतःची लेक घरी तापाने फणफणलेली असायची. बाप सीमेवर, आई वॉर्डात, लेकरू सासूबाईंच्या मांडीवर. अशा वेळी ‘सर्वांभूती विठ्ठल’ म्हणून मोकळे होता येते. पण मग घरातल्या लेकरातही तोच होता, त्याचे काय? कोणाच्या तरी वाट्याचे काढूनच कोणाला तरी दिले गेले. हे आपण कबूल केले पाहिजे. सैनिकाच्या आणि सिस्टरच्या त्यागाचे आपण कौतुक करतो, तेव्हा त्या त्यागातला मोठा हिस्सा त्यांच्या मुलांनी भरलेला असतो, आणि मुलांना कोणी विचारलेले नसते.

आता आजी निवृत्त आहेत. नातवाला शाळेत सोडणे, दुपारी वरणभात कालवून भरवणे, ताप आला तर कपाळावर पट्ट्या बदलत रात्र काढणे हे सगळे त्या करतात. एकदा ते पाहून लेक म्हणाली, “आई, हे मला हवं होतं.” रागाने नाही म्हणाली. आजींनी उत्तर दिले नाही. पट्टी पिळली आणि पुन्हा ठेवली.

लेकीचे देणे नातवाला दिले तर फिटते का? आपल्याकडे पितृऋणाची कल्पना अशी, की आईबापांचे घेतलेले त्यांना परत देता येत नाही. ते पुढच्या पिढीला द्यायचे. त्या न्यायाने आजींचे चाललेय ते योग्यच. पण माझ्या मते एक फरक राहतो. हिशेब मिटला असे म्हणण्याचा अधिकार देणाऱ्याचा नसतो, ज्याचे राहिले त्याचा असतो. तो शब्द लेकीकडून आला तरच खरा. तोवर आजींनी कपाळावर पट्ट्या ठेवत राहायचे, आणि त्या ठेवतात.

आजीच्या हातचे वाया जात नाही, याचा मोठा दाखला आपल्याच गोदाकाठी आहे. एकनाथ महाराजांचे आईवडील ते लहान असतानाच गेले. पैठणच्या घरात त्यांना आजी-आजोबांनी वाढवले. पुढे ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. ते किल्लेदार, हिशेब, पहारा, शस्त्र सगळे सांभाळून समाधी लावणारे. गुरू ध्यानात असताना शत्रू चालून आला, तेव्हा नाथांनी त्यांचा वेष चढवून लढाई निभावली, अशी कथा आहे. ही पण ड्युटी बदलूनच घेतलेली! गोदेच्या तापलेल्या वाळूत रडणारे परक्याचे पोर पुढे नाथांनी सहज कडेवर घेतले. ती सवय कुठल्या घरात लागली असेल, हे सांगायला नको.

आजींना वारीची ओढ अजून आहे. पैठण-पंढरपूरची वाट गुडघ्यांना झेपणार नाही, असे त्यांना वाटते. आणि नातवाची शाळाही त्याच सुमारास सुरू होते. घरचे म्हणतात, “आजीशिवाय पोराचं कसं होणार?” प्रेमाने म्हणतात, पण यात एक अन्याय आहे. जिने जन्मभर दुसऱ्यांच्या पाळ्या भरल्या, तिची पाळी भरायला कोणी पुढे येत नाही. अठरा-एकोणीस दिवस पोराला डबा देणे एवढेच काम आहे. मी हे जावईबापूंना सांगून पाहिले. त्यांनी दिंडीची तारीख विचारली आहे.