मोडलेल्या वाटा

मोहरी गावातून निघून रायलिंगच्या पठाराच्या कडेला उभं राहिलं की समोर लिंगाणा दिसतो. मध्ये फक्त दरी. सुळका इतका जवळ वाटतो की हात लांबवावा आणि कातळाला लावावा. त्याच्या मागे रायगडाचा रुंद माथा. पठाराच्या बगलेतून जी घळ थेट कोकणाकडे कोसळते, ती बोराट्याची नाळ.

आम्ही ती डिसेंबरात उतरलो. नाळ म्हणजे दोन कड्यांमध्ये अडकलेला धोंड्यांचा प्रवाह. काही धोंडे बैलाएवढे, काही माठाएवढे. आणि माठाएवढेच जास्त धोक्याचे, कारण ते पायाखाली डुगडुगतात. एकानं उतरायचं, बाकीच्यांनी आडोशाला थांबायचं. दगड सुटला की वरून ओरडायचं आणि खालच्यांनी मान वर न करता कातळाला चिकटायचं. तासाभरात गुडघे थरथरू लागतात. आमच्या पुढे मोहरीचे मामा होते, वय साठीच्या पुढचं, पायात प्लास्टिकचे बूट, कमरेच्या आकडीत कोयता. ते थांबायचे ते आमच्यासाठी.

एका वळणावर मी विचारलं, “मामा, असल्या रानातनं एकटं यायची भीती नाही वाटत?”

“रान कुठलं?” ते म्हणाले. “ही बाजाराची वाट. माझी आई ह्याच नाळेनं नवरी होऊन वर आली.”

वीस वर्षं डोंगरात हिंडतोय. डांबरी रस्ता किती मागे राहिला, मोबाईलची रेंज कुठे गेली, दिवसभरात माणूस दिसलं का, यावर मी जागेचं मोल ठरवत आलो. दुर्गम, निर्मनुष्य, अनाघ्रात हे माझे लाडके शब्द. आणि इथे, माझ्या आयुष्यातल्या सर्वांत दुर्गम जागी, एक बाई हळदीच्या अंगानं चढून गेली होती.

तेव्हापासून ‘दुर्गम’ हा शब्द माझ्या मनात टोचत राहिला आहे. जागा मुळात दुर्गम असते, असं आपण धरून चालतो. सह्याद्रीत बहुतेक वेळा ती दुर्गम केली गेलेली असते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरजवळचा नाणेघाट हा राजमार्ग होता. सातवाहन राणी नागनिकेनं तिथल्या गुहेत ब्राह्मी लिपीत लेख कोरवला. त्यात यज्ञांची नावं आहेत, दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, गावं आणि नाणी यांचे आकडे आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही या भिंतीवर आहेत. आपलं दातृत्व जगाला दिसावं असं वाटणारी राणी ते आडरानात कोरवत नाही. जिथून सगळे जातात तिथे कोरवते. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता, असं परंपरा सांगते. लमाणांचे तांडे मीठ घेऊन वर यायचे, धान्य घेऊन उतरायचे. बैलांना न झेपणाऱ्या नाळांनी माणसं डोईवर ओझी घेऊन ये-जा करायची.

मग १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये रेल्वे. घाटवाटा एका दिवसात ओस पडल्या नाहीत, पण हळूहळू सगळी वाहतूक मोजक्या घाटांकडे ओढली गेली. मोहरीहून नाळेनं उतरलं तर दुपारपर्यंत कोकणात पोचता येतं. गाडीनं जायचं तर ताम्हिणी नाहीतर वरंध घाटाचा वळसा घालून जवळजवळ अख्खा दिवस मोडतो. तरी आज गाडीचा रस्ता ‘जवळचा’ आणि नाळ ‘आडबाजूची’. वाट मोडते म्हणजे ती तुटत नाही. पावलं पडायची थांबतात, कारवी दोन्ही बाजूंनी वाकून मिठी मारते, आणि पाच-सहा पावसाळ्यांत तिथे वाट होती हे सांगावं लागतं. आपण साहसी लोक ज्याला रानटी निसर्ग म्हणून कवटाळतो, तो कितीदा तरी असा सोडून दिलेला रस्ता असतो.

बोरघाटाचीच एक लोककथा आहे. घाटातून मार्ग कुठून काढावा हे इंग्रजांच्या अभियंत्यांना उमगेना. शिंग्रोबा नावाच्या धनगरानं आपली ढोरं ज्या वाटेनं जात ती दाखवली. बक्षीस माग म्हणाल्यावर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबानं त्याला गोळी घातली. रेल्वेची वाट की सडकेची, हे सांगणारे वेगवेगळं सांगतात. पण जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि गाडीवाले आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. ही कथा मला सह्याद्रीतली सर्वांत खरी कथा वाटते. वाट ज्याच्या पायात होती तो वाटेवरून पुसला गेला आणि त्याची वाट मात्र सगळ्यांची झाली.

आज बंदूक लागत नाही. फोनवर एक रेघ उतरवून घेतली की झालं. मीही हे केलं आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघं दुसऱ्या एका नाळेत अशा रेघेच्या भरवशावर वाटाड्याशिवाय उतरलो. रेघ बरोबर होती. पण आदल्या जूनमध्ये एक मोठा धोंडा घरंगळून घळीच्या अरुंद भागात बसला होता आणि त्याच्याखाली सरळ कातळटप्पा उघडा पडला होता. तीस फुटी दोर पुरला नाही. परत चढायला पाणी उरलं नव्हतं. रात्र आम्ही कपारीत काढली, एकमेकांच्या अंगाला अंग लावून, आणि पहाटे ज्या गवळ्यानं आमचा आवाज ऐकला त्यानं नाळेच्या उजव्या अंगानं, कारवीच्या मुळांना धरून जाणारी आडवी वाट दाखवली. ती आमच्यापासून चाळीस पावलांवर होती.

हा डोंगरच असा घडला आहे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांच्यामध्ये पदर निघाले आणि जिथे कातळ भेगाळलेला होता तिथे पाण्यानं नाळा कोरल्या. हे काम अजून चालू आहे. घाटमाथ्यावरचा पाऊस दरवर्षी नाळेतले धोंडे नव्यानं मांडतो. म्हणून नाळेचा नकाशा कायमचा होऊच शकत नाही. तो दर दिवाळीला कुणीतरी पायांनी पुन्हा काढावा लागतो, आणि तो काढणारी पिढी पुण्या-मुंबईत रखवालदारी करायला उतरली आहे.

गो. नी. दांडेकरांनी आपल्याला गडांवर नेलं, आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’नं वाटा शिकवल्या. ते ऋण मोठं आहे. पण त्यांच्यानंतर आमच्या बोलण्यात काहीतरी बिघडलं. आम्ही गड ‘सर’ करतो, ट्रेक ‘मारतो’. ज्या डोंगरात लोक राहतात तिथे ही लढाईची भाषा कशासाठी? साहस खोटं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. दृष्टिभयानं पाय गोठलेले असताना एक खोबण सापडते आणि शरीर पुन्हा आपलं होतं, तो क्षण दुसरीकडे कुठे मिळत नाही. डोंगरात जाणाऱ्यांना हौशी म्हणून हिणवणाऱ्यांशी मी भांडेन. शिवाय आता या वाटांवर पावलं पडतात ती बव्हंशी आमचीच. आम्ही गेलो नाही तर उरलेल्याही मोडतील. मात्र सुट्टीच्या एका रात्री हरिश्चंद्रगडावर शेकड्यांनी तंबू लागतात, तेव्हा वाट मळत नाही, खचते. आणि दरीत कुणी पडलं की गिर्यारोहक पोचायच्या आधी झोळी करून उचलायला धावतात ती पायथ्याच्या गावातलीच माणसं, ज्यांना दोनशे रुपये जास्त द्यायला आम्ही घासाघीस केलेली असते.

बोराट्याच्या नाळेत निम्म्यावर एक थोडी सपाट जागा लागते. तिथे कड्याला लागून खांद्याइतका उंच एक धोंडा आहे, माथा गुळगुळीत झालेला. मामा त्याला टेकले.

“ओझं भुईला ठेवलं तर परत डोईवर द्यायला दुसरं माणूस लागतं,” ते म्हणाले. “एकटी बाई काय करील? म्हणून हा धोंडा. टेकवायचं, दम खायचा, मान खाली घालून परत उचलायचं.”

मी वळून पाठ धोंड्याला लावली. सॅकचं बूड बरोबर त्याच्या माथ्यावर बसलं आणि पट्टे खांद्यावरून सुटले. मामा तोवर पुढे निघाले होते. खालून कारवीवर कोयता पडल्याचा आवाज येत होता.