न खोललेले इंजिन

जुन्या, मोठ्या मोटारीचे इंजिन थकले की मालक दोन गोष्टी विचारतो. खर्च किती येईल आणि गाडी किती दिवस अडकेल. आमच्या मते या दोन्हींच्या आधी विचारायचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो हिशेबाच्या वहीत बसत नाही. इंजिन आहे तेच पुन्हा बांधायचे की दुसरे आणून बसवायचे, हे ठरवताना आपण कोणाकोणाचे देणे लागतो? गाडी वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या हातांचे? की उद्या ती विकत घेणाऱ्या अनोळखी माणसाचे?

उर्दू शाळेच्या मास्तराने असल्या श्रीमंती विषयात का पडावे, असे कोणी म्हणेल. शेलूबाजार हे मुळात रस्त्याचे गाव आहे. नागपूरहून औरंगाबादकडे जाणारा जुना रस्ता येथूनच जातो आणि डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गाची वाहतूकही गावाजवळून धावते. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेली एखादी दिमाखदार गाडी धूर सोडत येथे थांबते, तेव्हा तिच्याभोवती उभ्या राहणाऱ्या पोरांत आमच्या वर्गातून गळालेले एक तरी पोर असते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात ज्या धंद्यांत मुस्लिम कामगारांचे प्रमाण लक्षणीय दिसले, त्यांत मोटार दुरुस्तीही आहे. म्हणजे हा प्रश्न गाडीत बसणाऱ्यांचा थोडा आणि गाडीखाली झोपणाऱ्यांचा जास्त आहे.

इंजिन झिजते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहू. पिस्टन सिलिंडरमध्ये खालीवर धावतो. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाशी, जेथे रिंग वळते आणि उष्णता सर्वांत जास्त असते, तेथे तो अधिक झिजतो. मग रिंगांच्या बाजूने तेल वर चढते आणि जळते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे इंधन पुरते जळत नाही, दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर आत पाणी शिरते आहे, असे मिस्तरी दुरूनच सांगतो. इंजिन उतरवून खोलले की ब्लॉक लेथवाल्याकडे बोअर करायला जातो. पहिल्यांदा वाढीव मापाचा, दहाचा पिस्टन; मग वीस, तीस, चाळीस. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. चाळीस म्हणजे साधारण एक मिलिमीटर. तेवढे झाले की धातू संपतो आणि स्लीव्ह ठोकावी लागते. यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. झिजलेला सिलिंडर आतून आरशासारखा चमकतो आणि ती चमक हाच त्याचा दोष असतो. तेल धरून ठेवायला पृष्ठभागावर बारीक तिरके ओरखडे लागतात. म्हणून बोअर केल्यावर होनिंग करून ते मुद्दाम पाडतात.

आता बदलायचेच झाले तर प्रश्न पडतो, इंजिन बदलल्यावर गाडी तीच राहते का? जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या तर जहाज तेच का, हा वाद ग्रीक तत्त्वज्ञांत चालत असे, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. इंग्रज विचारवंत हॉब्ज याने १६५५ मध्ये त्याला आणखी एक पेच जोडला: काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कोणी दुसरे जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? आमच्याकडच्या गाड्यांनी या वादाचे उत्तर केव्हाच देऊन टाकले आहे. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९८५ साली ११८ एनई ही गाडी आली. अंग इटलीच्या फियाट १२४ चे आणि इंजिन जपानच्या निस्सानचे. नावातला एनई त्या निस्सान इंजिनाचाच. त्या काळी ती पैसेवाल्यांची गाडी होती. तिची स्पर्धक कॉन्टेसा. तिचा सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा, आणि पहिल्या गाड्यांत इंजिन बसवले ॲम्बेसेडरचे. एवढ्या मोठ्या देहाला ते पुरेना, म्हणून पुढे जपानी इसुझूचे इंजिन आले आणि लोकांनी तिला खरी कॉन्टेसा मानले ती त्यानंतर! ज्यांचा जन्मच असा सरमिसळीचा, त्यांच्या बाबतीत मूळ आणि अस्सल कशाला म्हणायचे? कायदा या वादात पडत नाही. आरसी बुकात चेसिस क्रमांक असतो आणि इंजिन क्रमांकही. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी घेऊन नवा क्रमांक नोंदवावा लागतो. बदलू नका असे तो म्हणत नाही. बदलले ते लिहा, एवढेच म्हणतो.

आणि नेमके हे लिहिणे, सांगणेच बाजाराला नको असते. जुनी गाडी विकताना सर्वांत मोठी शिफारस कोणती? ‘इंजिन खोललेले नाही.’ अपघातातल्या गाडीतून काढलेले इंजिन विकणाराही हेच सांगतो. ते किती किलोमीटर चालले, तेल वेळेवर बदलले की नाही, काही ठाऊक नसते. तरी खोललेले नाही म्हणून त्याला भाव. उलट ज्याच्या प्रत्येक भागाचे माप घेतले, क्रँक घासून नवी बेअरिंगे टाकली, ज्याचा सारा इतिहास एका माणसाला तोंडपाठ आहे, त्या इंजिनाचा भाव ‘खोललेले’ म्हणून उतरतो. पुरवणी परीक्षा देऊन दहावी पास झालेली आमची मुले नोकरीच्या अर्जाबरोबर गुणपत्रिका जोडताना जशी कचरतात, तसेच हे. दुसऱ्यांदा अभ्यास केला, यात खरे तर लाज कसली?

येथे आपल्या शरीअतचा एक नियम आठवतो. मालातला लपलेला ऐब नंतर उघड झाला तर खरेदीदाराला सौदा परत करण्याचा हक्क आहे. फिकहमध्ये त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा शोधणाऱ्या आणि तो भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे विचारणाऱ्या पैगंबरसाहेबांची (स.) हदीस आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? विक्रीच्या आदल्या दिवशी धूर दाबणारे घट्ट औषध तेलात ओतणे म्हणजे ओल्या धान्यावर कोरडे पसरणेच होय. त्यावर दुमत होणार नाही. पण नीट बांधलेले इंजिन लपवणे? तेथे ऐब नाही, तरी विकणारा गप्प बसतो, कारण खरे बोलला तर पंचवीस-तीस हजारांनी मार खातो. वाचकहो, या गप्प बसण्यात विकणाऱ्याइतकाच घेणाराही भागीदार आहे, असे आम्हाला वाटते. जो केवळ न खोललेलेच मागतो, तो आपल्याच हाताने समोरच्याला खोटे बोलायला शिकवतो.

दुसरी बाजू सांगायलाच हवी. १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीज जोडल्या जाऊ लागल्या. त्या पिढीच्या गाडीचे इंजिन आज नीट बांधायचे म्हटले तर कधी कधी गाडीच्या किमतीहून जास्त खर्च येतो. काही महागड्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे ब्लॉक गावच्या लेथवर बोअर होतच नाहीत. तेथे हट्ट धरणारा मिस्तरी मालकाचे नुकसानच करतो. शिवाय बांधलेले इंजिन त्याच्या जन्मसालाइतकेच स्वच्छ होते, त्याहून नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाडीशी त्याची तुलना नको. त्याच हवेत आमच्या शाळेची मुले प्रार्थनेला उभी राहतात. वर्षातून चार वेळा लग्नाला काढायची गाडी असेल तर एक गोष्ट, रोज दोनशे किलोमीटर पळवायची असेल तर दुसरी. तरीही ब्लॉकमध्ये धातू शिल्लक असेल आणि हात जाणते असतील तर आमचा कौल बांधण्याकडेच आहे. दुसरे आणलेले इंजिन चांगले निघेलही, पण त्याच्याबद्दल शपथ कोणी घ्यायची?

शपथेचा प्रश्न मिस्तऱ्यालाही सुटत नाही. इंजिन बंद झाले की आत काय घातले ते कोणाला दिसत नाही. बोअर न करता नुसत्या रिंगा टाकून दिल्या तरी काही महिने धूर थांबतो, पैसे मात्र पूर्ण कामाचे घेता येतात. पहिले हजार किलोमीटर हळू चालवा असे सांगून पाठवायचे; पुढे बिघडले तर तुम्ही पळवली म्हणायचे. म्हणून चांगल्या उस्तादांची एक जुनी रीत आहे. काढलेले पिस्टन, रिंगा, बेअरिंगे पोत्यात भरून ते मालकाच्या डिकीत ठेवतात आणि कागदावर मापे लिहून देतात. आमचा एक जुना विद्यार्थी अकोल्याला इंजिनाचे काम करतो. नववीत गणितात नेहमी मागे असायचा. आता मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचतो. तोही पोते देतो. तो सांगतो, बहुतेक गिऱ्हाइके तेलकट पोते नको म्हणतात, आणि कागद तर गाडी विकायच्या आधी फाडून टाकतात. म्हणून मापांची एक प्रत तो आता स्वतःच्या वहीत उतरवून ठेवतो, गाडीच्या चेसिस क्रमांकासह. अजून कोणी विचारायला आलेले नाही.