टाकीतले पीक आणि नवाई

अ‍ॅक्वापोनिक्समध्ये मासे आणि भाजीपाला एकाच पाण्यावर वाढतात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया उतरतो, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, वाफ्यातली मुळे ते शोषून घेतात आणि निवळलेले पाणी टाकीत परत जाते. मातीतल्या भाजीपाल्याच्या मानाने पाणी जेमतेम दशांश लागते. म्हणून या उद्योगाची ओळख करून देताना ‘यात काहीच वाया जात नाही’ असे हमखास सांगितले जाते. हे विधान तंत्राचे वाटते, पण त्यात एक तत्त्वज्ञानही गृहीत धरलेले आहे: स्वतःवरच चालणाऱ्या चक्रातून निघालेल्या अन्नाचे कोणाला काही देणे लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील मोलगीसारख्या ठिकाणी हे गृहीतक फार काळ टिकणार नाही.

मोलगी ही अक्कलकुवा तालुक्यातली, सातपुड्याच्या डोंगरातली बाजारपेठ. आमचूर आणि भगर यांसाठी ती ओळखली जाते आणि भोवतालच्या भिल्ल व पावरा पाड्यांचा व्यवहार इथेच होतो. या भागाची मोठी देवता याहामोगी. तिचे देवस्थान सीमेपलीकडे गुजरातच्या सागबारा तालुक्यात देवमोगरा येथे आहे; महाशिवरात्रीच्या यात्रेला लोक बांबूच्या नव्या टोपलीत धान्य घेऊन तिथे जातात. दुष्काळात तिने लोकांना धान्य दिले, अशी श्रद्धा आहे. अन्न हे तिचे देणे असल्याने नवे पीक आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायचे, मग घरात शिजवायचे. हीच नवाई. पावसाळ्यातल्या पहिल्या हिरव्या भाजीलाही हा नियम लागू असतो.

टाकीतल्या पालेभाजीची नवाई करावी का? पाऊस नाही, नांगर नाही, माती नाही, तेव्हा देणे कोणाचे, असे कोणी म्हणेल. पण हिशेब मांडला की चक्र बंद नसल्याचे लगेच दिसते. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी पालेभाज्यांसाठी बसवलेले प्रमाण असे आहे: दर चौरस मीटर वाफ्यामागे रोज ६० ते १०० ग्रॅम माशांचे खाद्य. म्हणजे २० चौरस मीटरच्या लहानशा वाफ्यासाठीही रोज सव्वा ते दोन किलो खाद्य बाहेरून आणावे लागते. त्या खाद्यात सोयाबीनची पेंड असते आणि बहुधा समुद्रातल्या मासळीची भुकटीही. शिवाय पंपाला वीज लागते, आणि लोह, कॅल्शियम, पोटॅशियम वरून द्यावे लागते. फिरून परत येतो तो मुख्यतः नायट्रोजन, आणि तोही खाद्याच्या गोणीतूनच आलेला असतो. दूरच्या शेताचा आणि समुद्राचा वाटा या भाजीत आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

वैदिक परंपरेत देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे घेऊनच माणूस जन्मतो असे मानले आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात पाऊस, अन्न आणि यज्ञ यांचे चक्र सांगून, न देता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. नवाईला या विचाराची डोंगरातली आवृत्ती ठरवण्याची घाई करू नये. तिचे देव, तिचे विधी स्वतःचे आहेत. दोन्हींत साम्य आहे ते मर्यादित: अन्न हातात आले म्हणजे व्यवहार संपला, असे दोन्ही मानत नाहीत. अडचण वेगळीच आहे. पालकाची कापणी चार-सहा आठवड्यांनी बारमाही चालू राहते. हंगामच नसलेल्या पिकात पहिले पीक कोणते मानायचे, याचे तयार उत्तर हंगामावर उभ्या असलेल्या विधीत नाही.

हिंसेचा प्रश्न याहून जुना आहे. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध मांस विकतो आणि कौशिक ब्राह्मणाला सुनावतो की नांगरानेही असंख्य जीव मरतात. जैन परंपरेत शेतीकडे संकोचाने पाहिले गेले ते याच कारणाने. टाकीवरच्या शेतीत नांगर सुटतो, पण मासा येतो. खानदेशच्या आदिवासी भागात हा विषय पोथीपुरता राहिलेला नाही. १९२२च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांपासून सुरू झालेली देवीची चळवळ दारूबरोबर मासे-मांस सोडायला सांगत डोंगरपट्ट्यात पसरली. पुढे तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवत दारू आणि मांस वर्ज्य केले. त्यांचे निधन १९३८ साली झाले, पण त्यांना मानणारी भगत घरे आजही आहेत. अशा घराला शोभेचे मासे पाळून केवळ भाजी विकण्याची वाट मोकळी आहे, कारण अनेक ठिकाणी या उद्योगाचे मुख्य उत्पन्न भाजीचेच असते. मात्र त्याने प्रश्न हलका होतो, सुटत नाही. वाढलेले, म्हातारे झालेले मासे कुठे ठेवायचे, हे ठरवावेच लागते.

खाणाऱ्या घरासाठीही टाकीतला मासा नदीतल्या माशासारखा नसतो. नदीतला मासा जाळ्यात येईपर्यंत स्वतःच्या बळावर जगतो, टाकीतला प्रत्येक श्वासाला मालकावर अवलंबून असतो. दाट भरलेल्या टाकीची हवा बंद पडली तर तासा-दोन तासांत मासे मरू शकतात, आणि डोंगरात वीज जाणे ही काही बातमी नव्हे. थंडीचेही तसेच. अक्कलकुवा तालुक्यातल्याच डाबकडे हिवाळ्यात दव गोठते, तर टाकीत पाळला जाणारा तिलापिया मासा पाणी १६-१७ अंशांखाली गेले की खाणे सोडतो. मारून खाणे आणि हलगर्जीपणाने मरू देणे यांत दुसरे अधिक दोषाचे, असे म्हणायला जागा आहे. पर्यायी विजेची सोय खर्चाच्या रकान्यात शेवटी लिहिली जाते; या दृष्टीने ती पहिली यायला हवी.

उरतो मालकीचा प्रश्न. नर्मदेकाठी पाणी आणि मासे सामाईक होते. सरदार सरोवराने मणिबेलीपासून अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित केली. नंतर जलाशयातल्या मासेमारीसाठी विस्थापितांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. टाकी मात्र एका कुटुंबाची असते. २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुसूचित जमाती आणि महिला लाभार्थींना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत साहाय्य ठरवलेले आहे, आणि लाभार्थी म्हणून बहुधा व्यक्तीच पुढे येते. जिथे पेरणी-निंदणी एकमेकांच्या शेतात जाऊन ‘लाहा’ पद्धतीने होते, तिथे रोज थोडे पण न चुकता करायचे टाकीचे काम या देवघेवीत सहज बसत नाही. गटाची टाकी असेल तर रात्रीची पाळी वाटून घेता येते, खाद्याची उधारी एकट्यावर पडत नाही आणि पहिली कापणी कोणी, कुणापुढे ठेवायची हेही पाड्यालाच ठरवता येते.