भाकरी नाकारते कोण?

शालेय आहारातील अंड्यांचा खर्च शासनाने सोसावा की लोकवर्गणीतून भागवावा, या वादातील मुद्द्यांची पुनरुक्ती मी करीत नाही. अंडे मुलांना मिळावे आणि त्याचा भार सरकारी तिजोरीने उचलावा, एवढे माझे मत नमूद करतो. परंतु याच आठवड्यात पाथर्डी तालुक्यातील एका अंगणवाडीच्या ओट्यावर पाच रुपयांच्या कुरकुरीत खाऊच्या पुड्या रिकाम्या करणारी बालके पाहून मी पालकांकडे पृच्छा केली, तेव्हा पुढे आलेल्या सबबीने मन विषण्ण झाले : "काय करावं, पोरं भाकरीला तोंडच लावीत नाहीत."

ज्या बालकाचा हात दुकानाच्या फळीपर्यंत पोचत नाही, त्याच्या मुठीत पाचाचे नाणे कोण ठेवते? लस टोचताना किंवा शिकवणीला धाडताना ज्याचा रुकार कोणी विचारीत नाही, त्याचा शब्द भाकरीच्याच बाबतीत एकाएकी शिरोधार्य कसा ठरतो? उठल्याबरोबर चहात बुडवलेली बिस्किटे, नऊच्या सुमारास पुडी, आणि अकराला ताट पुढे आल्यावर भूक उरली नाही म्हणून त्याच्यावरच अरुचीचा आरोप. हा न्याय कोणत्या कचेरीत टिकेल? त्यातही वडील स्वतः बाजरी बाजूला सारून चपाती मागतात, पाहुण्यांसमोर भाकरी वाढायला घर संकोचते, आणि हे सारे ते मूल मुकाट्याने पाहत असते. जिभेला वळण लावले मोठ्यांनी आणि तक्रार दाखल झाली लहानाच्या नावे!

आणि हे घडते कोठे, तर जेथे अकोल्याच्या डोंगरउतारावर नागली पिकते आणि हुलग्याची शेंगोळी ज्याची ओळख आहे, त्या आपल्या नगर जिल्ह्यात. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हुलग्यात वीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात, बाजरीतले लोह तांदळाहून कितीतरी अधिक. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेची पायरी न चढता गावरान बियाणे जतन केले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा सत्कार आपण हौसेने केला, त्या वाणांना ताटात जागा देण्याची वेळ आली तेव्हा हात आखडला.

पोषण महिन्यात भिंतीवर लागणाऱ्या रंगीत फलकांनी ही सवय बदलत नाही, हा माझा जुना आक्षेप कायम आहे. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला कार्य आरंभिले, तेव्हा त्यांनी खेड्यातल्याच, बहुतांशी निरक्षर आणि पुष्कळदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळाला वरचे अन्न केव्हा सुरू करावे, गरोदर सुनेच्या ताटात काय पडावे, हे त्या शेजारणीच्या चुलीपाशी बसून सांगत, आणि सासूची समजूतही तेथेच घालत. फलक सासूशी बोलू शकत नाही. पोषण महिन्याच्या समारंभातले प्रमुख पाहुण्यांचे भाषणही तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि समारंभाअंती चहाबरोबर पुन्हा बिस्किटेच फिरतात.

मढीच्या यात्रेत मुलाने रेवड्यांसाठी हट्ट धरला तर तो अवश्य पुरवावा; एका दिवसाच्या गोडाने कोणाचे रक्त आटत नाही. परतताना वाटेतल्या बाजारातून किलोभर हुलगेही घ्यावेत, आणि संध्याकाळी शेंगोळी शिजली की ती आधी वडीलधाऱ्यांनी आपल्या ताटात वाढून घ्यावीत.