तिसरा आला, तर अपराध कोणाचा?

२१ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनची शर्यत झाली. इथिओपियाचा अबेबे बिकिला पहिला आला. त्याच्या मागोमाग जपानचा कोकिची त्सुबुराया मैदानात शिरला. पण तेथील शेवटच्या फेरीत ब्रिटनच्या बॅसिल हीटलीने त्याला गाठून मागे टाकले.

जगात तिसरा! अहो, साखर वाटावी अशी गोष्ट! पण या शिपाईगड्याला वाटले, आपण देशाचा अक्षम्य अपराध केला. १९६८ साली मेक्सिकोत भरपाई करीन, असे तो बोलून बसला. पुढे कमरेचे दुखणे जडले. ठरत आलेले लग्न वरिष्ठांनी ऑलिंपिकपायी अडविले. जानेवारी १९६८ मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने स्वतःच जीवन संपविले. चिठ्ठीत रागाचा एक शब्द नाही. घरच्यांनी खाऊ घातलेल्या एकेका पदार्थाचे नाव घेऊन आभार मानले आहेत, आणि आता थकलो, धावणे होत नाही, एवढेच.

यालाच कर्तव्यनिष्ठा म्हणून वाखाणणारे आहेत. आम्हांला ते पटत नाही. कष्ट माणसाच्या हाती. शेजारच्याचे पाय किती झपाझप पडतील, हे त्याच्या हाती कसे? जे हाती नाही त्याचे वचन त्या बापड्याने दिले, हे समजू शकते. पण ते ऋण समजून वसूल करू पाहणारे शहाणे लोक? त्यांना काय म्हणावे?

त्याचा सोबती केंजी किमिहारा टोकियोत आठवा आला होता. मेक्सिकोत त्याने रौप्यपदक मिळविले. धावताना मनात त्सुबुराया होता, असे त्याने पुढे सांगितले.