डॉक्टर येईपर्यंत

‘दारूपायी वाया गेलेला मोठा नट.’ डॉ. काशिनाथ घाणेकरांवर माहितीपट काढायचा म्हटलं, की निर्मात्यापुढे ठेवायचं वाक्य असं तयारच असतं. पाच शब्दांत नायक येतो, खलनायक येतो आणि शेवटही येतो. ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावंसं वाटत नाही. माझी तक्रार इथेच आहे.

माझा भाचा असाच एक प्रस्ताव घेऊन परवा शहाद्याजवळ आमच्या पुरुषोत्तमनगरला आला होता. पुण्यात तो संकलनाचं काम करतो. साखर कारखान्यात गळीत हंगामाची तयारी चालली होती, वसाहतीत ऊसतोडीच्या टोळ्यांच्या गप्पा, आणि आमच्या ओट्यावर हा लॅपटॉप उघडून बसलेला. पहिलं दृश्य त्याने वाचून दाखवलं: अंधारा रंगमंच, ग्लासात पडणारा बर्फ, मागून शिट्ट्या आणि टाळ्यांचा कडकडाट. ‘मामा, हे बघून माणूस जागचा हलणार नाही.’ नाहीच हलणार. पण मग दोन तास त्याला दाखवणार काय? तोच बर्फ?

प्रस्ताव मांडण्याची ही पद्धत आपल्याकडे काही नवी नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची पंच मंडळी येतात, फडमालक वगाचं नाव आणि कलावंतांची नावं सांगतो, रकमेवर घासाघीस होते आणि जत्रेची सुपारी ठरते. गोव्याच्या फिल्म बाजारात किंवा कोलकात्याच्या डॉकएजमध्ये याहून फार वेगळं घडत नाही, फक्त राहुटीच्या जागी वातानुकूलित दालन असतं. दोन्हीकडे सांगणाऱ्याला लोभ सुटतो तो एकच: सगळ्यात भडक गोष्ट आधी सांगून टाकायची. पण यात्रेचा अनुभव असलेले पंच हुशार असतात. गणगवळण चांगली रंगली तरी वग पहाटेपर्यंत टिकेल का, हे ते विचारतात. भाच्याला मी तेच विचारलं.

घाणेकरांची हकिकत थोडक्यात अशी. चिपळूणचा हा मुलगा मुंबईत दंतवैद्य झाला. १९६२ साली वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणलं. त्यात शिवाजी मास्टर दत्ताराम आणि संभाजी घाणेकर. एका रात्रीत माणूस कुठल्या कुठे गेला. पुढे १९६६ मध्ये ‘अश्रूंची झाली फुले’ आलं. प्राध्यापक विद्यानंदांच्या भूमिकेत प्रभाकर पणशीकर आणि त्यांच्यासमोर उभा ठाकलेला उद्दाम विद्यार्थी लाल्या, म्हणजे घाणेकर. याच नाटकावरून हिंदीत १९६९ साली ‘आँसू बन गये फूल’ आणि १९८४ साली यश चोप्रांचा ‘मशाल’ निघाला, यावरून त्या लाल्याची ताकद समजावी. जाहिरातीत सगळ्या नटांची नावं संपली की शेवटी ‘आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ असं छापून येई, आणि तिकीट खिडकी त्या ‘आणि’वर चालत असे. पुढे दारू, उशीर, भांडणं, रागावलेले निर्माते, तरीही येणारे प्रेक्षक. २ मार्च १९८६ रोजी दौऱ्यावर असताना अमरावतीत मृत्यू.

१९६२च्याच डिसेंबरात लंडनमध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ झळकला आणि पीटर ओटूल नावाचा निळ्या डोळ्यांचा आयरिश वंशाचा नट जगभर पोचला. तोही पिण्याबद्दल आणि धिंगाण्याबद्दल तितकाच प्रसिद्ध. रिचर्ड बर्टन, रिचर्ड हॅरिस, ऑलिव्हर रीड ही त्याच पिढीची मंडळी. रीड तर १९९९ साली ‘ग्लॅडिएटर’चं चित्रीकरण चालू असतानाच माल्टात गेला. घाणेकरांना या पंक्तीत बसवण्याचा मोह भाच्याला झाला होता आणि तो मला पटतोही. फरक एवढाच, की ओटूलचं सर्वोत्तम काम आज कुणालाही घरबसल्या दिसतं. घाणेकरांचा संभाजी आणि लाल्या तसे दिसत नाहीत. ते त्या त्या रात्री ज्यांनी पाहिले त्यांच्यापाशी राहिले, आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

प्रस्तावातली खरी अडचण ही आहे आणि खरी गोष्टही हीच आहे. नटाची कीर्ती रंगमंचावरची आणि पुरावा पडद्यावरचा, आणि पडद्यावरचा पुरावा त्या कीर्तीशी जुळत नाही. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) पुन्हा पाहा. राज खोसलांनी दोन वर्षांनी हिंदीत ‘मेरा साया’ केला तो यावरूनच. ज्याच्या मेलेल्या बायकोसारखीच दिसणारी बाई आरोपी म्हणून समोर येते आणि मीच तुमची बायको म्हणते, तो वकील म्हणजे घाणेकर. यात घाणेकर आवाज चढवून टाळी घेताना दिसत नाहीत. चेहरा बराच वेळ आवरून धरलेला, माणूस आतून हललाय हे डोळ्यांवरून कळावं इतपतच. राजदत्तांच्या ‘मधुचंद्र’मध्ये (१९६७) उमा भेंडेंसमोर ते चक्क हलकेफुलके नायक आहेत. राजा ठाकुरांच्या ‘एकटी’त (१९६८) सुलोचनाबाईंचा मुलगा. ज्या बाई पडद्यावर आई झाल्या, त्यांचीच मुलगी कांचन पुढे घाणेकरांची पत्नी झाली. असा योगायोग पटकथेत लिहिला तर निर्माता खोडायला सांगेल.

तर या तीन चित्रपटांतला माणूस शिस्तीचा आहे. कॅमेऱ्यापुढे टाळी नसते. दिवसभर दिव्यांची मांडामांड, एकेका वाक्याचे तुकडे. जिथे हजार माणसं समोर बसून श्वास रोखतात तिथे हा नट बेभान होई. मग त्याची नशा नेमकी कसली होती, हा प्रश्न बाटलीपेक्षा मोठा आहे. माझं मत विचाराल तर टाळीची सवय आधी लागली, दुसरी तिच्या मागोमाग आली. हे सिद्ध करता येणार नाही, पण माहितीपटाने धरून चालण्यासारखा हा धागा आहे.

बाटलीची गोष्ट तशीही सांगून झाली आहे. कांचन घाणेकरांनी ‘नाथ हा माझा’ हे पुस्तक लिहिलं, आणि पत्नीने इतकं मोकळेपणी लिहिणं आपल्याकडे विरळाच. २०१८च्या दिवाळीत अभिजित देशपांडेंचा ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ आला, सुबोध भावेंनी घाणेकर उभे केले आणि नव्या पिढीला ते नाव कळलं. चित्रपट उत्तम चालला. पण कथापट नटाच्या मागे कॅमेरा घेऊन धावतो, त्याला नायक सोडता येत नाही. माहितीपटाला येतं. नायक नसलेल्या खोलीत जाऊन बसणं हे माहितीपटालाच जमतं.

बाहेरच्या दोन उदाहरणांकडे भाच्याने जरा वेळ काढून बघावं असं मी म्हटलं. क्लाउस किन्स्की हा जर्मन नट मनस्तापाचं दुसरं नाव होता. त्याच्या मृत्यूनंतर दिग्दर्शक वर्नर हर्झोग यांनी १९९९ मध्ये त्याच्यावर माहितीपट केला तो ‘माझा लाडका शत्रू’ अशा अर्थाच्या नावाने. किन्स्कीबरोबर लहानपणी एकाच बिऱ्हाडात राहिलेला, पुढे पाच चित्रपट केलेला, शिव्या खाल्लेला माणूसच तिथे सांगतो आहे. म्हणून त्याच्या तक्रारीलाही वजन आहे आणि प्रेमालाही. दुसरं, मार्लन ब्रँडोवरचा २०१५चा ‘लिसन टू मी मार्लन’. ब्रँडोने स्वतःच्या आवाजात ध्वनिफिती भरून ठेवल्या होत्या, स्टीव्हन रायली या दिग्दर्शकाने जवळजवळ सगळा पट त्यांवर तोलला. एकात सोसणारा बोलतो, दुसऱ्यात स्वतः नट.

घाणेकरांचे हर्झोग होऊ शकले असते असे एकच गृहस्थ होते, प्रभाकर पणशीकर. निर्मातेही तेच, सहनटही तेच. ‘तोच मी’ हे आत्मचरित्र ठेवून ते १३ जानेवारी २०११ रोजी गेले. सुलोचनाबाई ४ जून २०२३ रोजी गेल्या. राजदत्तांनी नव्वदी ओलांडली आहे. भाच्याने प्रस्तावात ‘तातडी काय’ या रकान्यापुढे ‘आजच्या तरुणांमधील व्यसनाधीनता’ असं लिहिलं होतं. मी ते खोडलं. खरी तातडी साक्षीदारांची आहे.

मग मी काय सुचवलं? डॉक्टरांची वाट पाहणाऱ्यांवर सिनेमा काढ. दौऱ्यावरच्या प्रयोगाचा एक दिवस डोळ्यासमोर आण. गावातल्या कुणीतरी प्रयोगाचं कंत्राट घेतलेलं असतं. घरात न सांगता अंगठी गहाण टाकलेली असते. रिक्षाला भोंगा बांधून दिवसभर गावात नाव पुकारलेलं असतं. शाळेच्या मैदानावर मांडव, पुढे खुर्च्या, मागे भारतीय बैठक. टपावर नेपथ्याचे पट बांधलेली बस दुपारी येते. रंगपटातला माणूस इस्त्री गरम करून बसतो. प्रॉम्प्टर संहिता घेऊन विंगेत. साडेनऊ, दहा, साडेदहा. मागच्या रांगेतून टाळ्या पडायला लागतात, त्या कौतुकाच्या नसतात. कंत्राटदार फाटकापाशी उभा, सहनटी मेकअप करून दोन तास बसलेली, बाळ घरी ठेवून आलेली. आणि मग गाडीचे दिवे दिसतात. पुढच्या अडीच तासांत तो माणूस असं काही करतो, की चिडलेले लोक घरी जाताना त्याचेच संवाद म्हणत जातात.

या दृश्यात दोषी कोण, हे ठरवण्याची घाई नको. उशिरा येणारा तर आहेच. पण त्याला दर वेळी माफ करणारे आपणही त्यात आहोत. लाल्या रंगमंचावर मास्तरांचा अपमान करी तेव्हा टाळ्या आपणच देत होतो, आणि रंगमंचाबाहेरही तो लाल्याच असावा अशी आपली छुपी इच्छा होती. वेळेवर येणारा, ताक पिऊन झोपणारा लाल्या आपल्याला चालला नसता. बेफाम नटाची किंमत तिकिटात धरलेली नव्हती. ती कंत्राटदाराने, सहकाऱ्यांनी आणि घरच्यांनी भरली. घरच्यांत पहिल्या पत्नी डॉ. इरावतीही आल्या. आपल्या आख्यायिकेत त्यांच्या वाट्याला एखादं वाक्य येतं, आणि तेही बहुतेक वेळा ‘समजूतदार होत्या’ एवढंच.

‘पण मामा, ते प्रयोग दाखवू कसे? आता एआयने आवाज करता येतो, चेहराही.’ हे ऐकून मी पान थुंकलो. ब्रँडोच्या माहितीपटातही त्याचा संगणकीय चेहरा आहे हे खरं. पण तो त्याच्या हयातीत त्याच्या संमतीने मोजून घेतलेला, आणि शब्द त्याचे स्वतःचे. न पाहिलेला संभाजी यंत्राकडून करून घेणं म्हणजे साक्षीदाराला पढवणं. त्यापेक्षा तो प्रयोग पाहिलेल्या म्हाताऱ्याला खुर्चीत बसवावं आणि घाणेकर प्रवेश कसा घेत ते करून दाखवायला सांगावं. त्याचे हात कापतील, चाल चुकेल, पण त्याच्या अंगात पन्नास वर्षं टिकून राहिलेलं काहीतरी दिसेल.

कायद्याची बाजूही प्रस्तावात असावी, कारण पैसे देणारा आधी तेच विचारतो. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे ‘पाठलाग’चा ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला, ‘मधुचंद्र’चा २०२७ अखेर संपेल. गाण्यांची गोष्ट निराळी. ‘पाठलाग’मधलं ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ लिहिणारे गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. शिवाय हक्क संपला म्हणून चांगली प्रत हाती येते असं नाही. त्यासाठी पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाचे उंबरे झिजवावे लागतात. आणि मेलेल्या माणसाबद्दल वाटेल ते बोलता येतं हा समजही चुकीचा. घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेली मृताची बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये गुन्हाच आहे. एका वकिलाची फी अंदाजपत्रकात धरलेली बरी.

‘हे सगळं मुंबईचं, इथे बसून कसं करणार’ असंही तो म्हणाला. आपल्या शेजारच्या मालेगावने याचं उत्तर कधीच दिलंय. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ यंत्रमागाच्या गल्लीतून उठून जगभर फिरला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजच्या मागे वर्षानुवर्षं हिंडून केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. दोन्हींत एकही मोठा तारा नाही. आहेत ते प्रोजेक्टरला तेल घालणारे, तंबू ठोकणारे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारापलीकडे असे तंबू ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तारा कसा तयार होतो हे मुंबईकरांपेक्षा जास्त कळतं. तारा उजेडात दिसतो, पण तिकीट अंधारात बसलेला माणूस काढतो.

भाचा प्रस्तावाचा दुसरा खर्डा घेऊन गेला. ग्लास आणि बर्फ त्याने शेवटी ठेवलेत, पूर्ण काढायला तयार नाही. तेवढी सूट मी दिली. पैसे मिळतील की नाही, सांगता येत नाही.

मात्र त्याला लागणारा ऐवज निर्मात्याकडे नाही, तुमच्या माळ्यावर आहे. तुमच्या वडिलांनी, काकांनी धुळ्याला, जळगावला, शहाद्याला, अमरावतीला नाटकाचं कंत्राट घेतलं असेल; हँडबिल असेल, हिशेबाची वही असेल, टेपरेकॉर्डरवर चोरून भरलेली कॅसेट असेल, निर्मात्याशी झालेला पत्रव्यवहार असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका. मागे गाव आणि साल लिहा, फोटो काढून ठेवा, आणि घरात जे कुणी त्या रात्री मैदानावर बसून डॉक्टरांची वाट पाहत होते, त्यांचं बोलणं फोनवर भरून घ्या. ते आधी करा.